विहीणबाई आणि दोन दिवसांची बुरशी

साध्या प्रश्नाला साधं उत्तर न देणारं जगातलं सर्वांत प्रामाणिक माणूस कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून आमच्या विहीणबाईंकडे, म्हणजे माझ्या सुनेच्या आईकडे, बोट दाखवीन. तीस वर्षं त्या इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला एका लॅबमध्ये आहेत. रोग्याच्या अंगातली यीस्ट, म्हणजे बुरशीचीच एक जात, कोणत्या औषधाला दबते ते बघायचं, हे त्यांचं काम. मी चौथी शिकलेली, म्हणून मला त्यांनी ते आप्पेपात्रावरून समजावलं. इवल्या खळग्यांची प्लास्टिकची पट्टी असते. पहिल्या खळग्यात औषध भरपूर, पुढे निम्मं निम्मं होत जातं. सगळ्यांत यीस्टचं पाणी सारखं घालायचं, पट्टी गरम पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कोणता खळगा नितळ, म्हणजे औषध जिंकलं, कोणता गढूळ ते वाचायचं.

"एवढंच होय!" मी म्हणाले.

"एवढंच? यीस्ट दाट पडली तर चांगलं औषधही हरल्यासारखं दिसतं. पाणी आंबट असलं तर उत्तर निराळं. चोवीस तासांनी बघा, औषध जिंकलेलं. अठ्ठेचाळीस तासांनी बघा, तीच यीस्ट, तेच औषध, आणि जिकडेतिकडे धुकं! बुरशी खोटं बोलत नाही हो विहीणबाई, आपण तिला भलत्या वेळी विचारतो."

हा न्याय त्या बुरशीपुरता ठेवत्या तर बरं होतं. माझ्या इडल्या दगडासारख्या झाल्या, तर "पिठाला नावं ठेवू नका, आधी खोलीचं तापमान सांगा." पर्समध्ये कंगवा नसेल, पण थर्मामीटर असतो, माझ्या आमटीत त्यांनी तो चारचौघांत बुडवला आहे. लग्न ठरवताना त्यांची लेक म्हणाली, "आई, मुलगा शांत आहे." विहीणबाईंनी विचारलं, "उपाशी असताना पाहिलायस का?" बिचाऱ्या माझ्या मुलाला जेवायला बोलावून तीन वाजेपर्यंत ताट वाढलं नाही. तो चिडला नाही, म्हणून माझ्या घरात सून आली. आणि स्वतःच्या पट्ट्या त्या दुसऱ्या कुणाला वाचू देत नाहीत. "प्रत्येकाचा डोळा वेगळा धुकं बघतो," असं लॅबच्या साहेबांनाही तोंडावर सांगतात.

गेल्या हिवाळ्यात खोकल्यावर भरपूर अँटिबायोटिक घेऊन माझ्याच तोंडात यीस्ट झाली. घशापर्यंत पांढरं, थुंकी गिळवेना. चाटायच्या औषधाने काही होईना, तेव्हा हाउसआर्त्स्टने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, घशातला नमुना तपासायला पाठवला. साधी कॅप्सूल चालली तर घरी, नाहीतर क्रांकेनहाउसमध्ये, म्हणजे इस्पितळात, राहून रोज शिरेतून औषध. मला सुईची भीती नव्हती. मला जर्मन येतं ते 'या' म्हणजे हो आणि 'डांके' म्हणजे आभार, एवढंच. तिथे तहान लागली तर पाणी कसं मागायचं, ही भीती होती.

शनिवारी विहीणबाई गार ताकभात घेऊन आल्या. आधी भाताचं तापमान बघितलं आणि मग दुपारभर मला चमच्याचमच्याने भरवत बसल्या. सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला: कॅप्सूल लागू पडणार नाही, बुधवारी भरती व्हा. मुलाने बॅग काढली. मी तिच्यात टॉवेल ठेवत होते, तर संध्याकाळी विहीणबाई धापा टाकत दारात.

"ती बॅग भरणं थांबवा! मला आत्ता लेकीने सांगितलं. तो नंबर तुमचा होता होय?"

पट्टीवर नाव नसतं, नंबर असतो. शनिवारी वाचायची पट्टी यांनी वाचली नाही, दुसऱ्या कुणी हात लावला नाही, आणि ती आणखी दोन दिवस पेटीत राहिली. सोमवारी यांच्या आधी साहेब आले, त्यांनी धुकं बघून डॉक्टरांना कळवूनही टाकलं.

"मी साहेबांना सांगितलं, वेळ टळलेली आहे, चूक माझी आहे, लिहून देते. ते म्हणतात, वाढ ती वाढ. मी म्हटलं, नाइन, मुळीच नाही! सकाळीच नवी पट्टी लावली. नंबर कुणाचा ते तेव्हा माहीतही नव्हतं."

"मग लागू पडेल का कॅप्सूल?"

"पडेल हो," असं कुणीही म्हणालं असतं. या म्हणाल्या, "उद्या दहा वाजता सांगेन."

दुसऱ्या दिवशी दहाला फोन वाजला. "नितळ," एवढंच बोलल्या आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. भरती रद्द झाली. कॅप्सूल घेऊन आठवड्याभरात मी भाकरी खाऊ लागले.

त्यानंतर आल्या तेव्हा कोट न काढताच खुर्चीत बसल्या. "तीस वर्षांत मी एकही पट्टी चुकवली नव्हती," म्हणाल्या. "चुकवली ती नेमकी तुमची." मला म्हणायचं होतं, अहो, त्या शनिवारी पट्टी सोडून तुम्ही मला भरवत बसलात, म्हणून चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्या पोटात काही गेलं, त्याला चूक म्हणू नका. ओठांपर्यंत आलं होतं. पण मला असलं बोलायला जमत नाही. मी विचारलं, "चहा टाकू?" त्यांनी मान खाली घालूनच होकार दिला, आणि मी पातेलं शोधायला आत गेले.