गिळू नको, मालू

जुबेदाच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. तोंडातला घास मी तसाच गिळला. जन्मभर मी तेच केलं, आणि जन्मभर जुबेदा त्यावरूनच मला बोलत आली...

बेंबळीच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या टेबलावर दोघींचे डबे उघडायचे. चार घासांत डबा संपवून मी वह्या तपासायला मोकळी. ती कपाळावर हात मारायची. "अगं मालू, मागं काय वाघ लागलाय? तुझी लाळ बिचारी कामाला निघती, तवर घास पोटात! गिळू नको, चाव."

दरवर्षी सातवीच्या वर्गाला ती ज्वारीच्या भाकरीचा तुकडा घेऊन यायला सांगायची. तुकडा तोंडात धरायचा, चावत राहायचं, आणि गोड लागेपर्यंत गिळायचं न्हाय. एकदा सगळा वर्ग असा रवंथ करत बसलेला आणि दारात हेडमास्तर उभे. "बाई, हे काय चाललंय?" ही बया काय म्हणावी? "विकर कामाला लागलेत सर. तुम्हीबी घ्या तुकडा." हेडमास्तरांनी घेतला. बराच वेळ चावून म्हणाले, "व्हय की वो, लई गोड लागतंय." पोरं अशी हसली की माझ्या वर्गापर्यंत आवाज आला.

मग ती एखाद्या पोराच्या शर्टाचं बटण धरून समजावायची. लाळेतला विकर, म्हणजे एन्झाइम, ही प्रथिनाची लांब दोरी, पण कशीबशी गोळा झालेली नव्हे, नेमकी दुमडलेली. त्या घडीत एक काज तयार होतं. भाकरीतल्या पिष्टाचं बटण त्याच काजात बसतं, तिथं तुटतं, त्याची साखर होते आणि विकर पुढच्या बटणाला मोकळा. "हजार कामं करतो, पोरांनो, पण सवता झिजत न्हाय." मी तिला चिडवायचे, म्हणजे तुझ्यासारखाच की गं. कुणाच्या घरची भांडणं मिटव, कुणाच्या पोरीची शाळा सुटू नये म्हणून बापाशी वाद घाल, वर पुन्हा सकाळी पहिल्या तासाला हजर. चुकलंच माझं. माणूस झिजतं.

तिच्या घशात गाठ निघाली. सोलापूरला किरणांचे शेक दिले. गाठ तेवढ्यापुरती विरली, पण शेकानं तोंडातली लाळ आटली ती आटलीच. पाण्याची बाटली हातातून सुटेना. भाकरी म्हणजे तिला वाळू लागायची. अख्ख्या गावाला भाकरीतली साखर दाखवणारी माझी मैत्रीण, आणि तिच्याच तोंडात... देवानं एवढं वाईट वागू नये.

शेवटचं भेटले तेव्हा दुपार होती. लेकीनं मला ताट वाढलं. जुबेदानं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "आज माझ्यासाठी चाव. गोड झाला की सांग." मी चावायला लागले. ती एकटक माझ्या तोंडाकडं बघत होती, लहान पोरगी खाऊकडं बघते तशी. ते बघणं सोसवेना, म्हणून मी घास गिळून टाकला आणि म्हणाले, "झाला गं गोड."

ती हसली. "लबाड. एवढ्यात होत न्हाय." मग बाटलीतला घोट घेऊन म्हणाली, "पुढल्या टायमाला नीट चाव."

पुढला टाइम आलाच नाही. एक घास, तेवढाच मागितला होता तिनं, आणि मला तेवढा दम निघाला नाही.

आता रोज जेवताना पहिला घास मी धरून ठेवते. सून म्हणते, आई, जेवण निवतंय. निवू दे. आधी भाकरी नुसती भाकरीच लागते, मग पिठूळ होते. इथंच मी आजवर गिळत आले. काल तशीच थांबले, चावत राहिले, आणि खरंच, जिभेच्या कडेला हळूच गोडी उतरली.

"झाला गं, जुबेदा," मी मोठ्यानं म्हणाले. सून भाकरी थापायची थांबून माझ्याकडं बघत राहिली... आणि तो घास मला काही केल्या गिळवेना.