आंबेपेठेचा नकाशा

गाव जागेवर असलं की त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आमची आंबेपेठ धरणाच्या पाण्याखाली गेली आणि गप्पा संपायचं नावच घेईनात! आम्ही चार-पाच जण दर गुरुवारी बारामतीच्या एसटी स्टँडजवळ चहाला जमतो. गुरुवारच का? तो आंबेपेठेच्या बाजाराचा वार.

*

मागच्या वर्षी मी गावाचा नकाशा करायला घेतला. ड्रॉइंग शीट पसरली आणि गावातल्या भेटेल त्याला आपापलं घर दाखवायला सांगितलं. महिन्याभरात मारुतीच्या देवळाला लागून अकरा घरं झाली!

वरकुट्याला राहायला गेलेले शंकरतात्या म्हणाले, "खोडू नगं. देवाला तेवढीच सोबत."

*

गावच्या पारूमावशींना विचारलं, पेठेत दुकानं कोणती होती? "कासाराचं, शिंप्याचं, तेलाचं..." चौथ्या बोटावर मावशी अडल्या. "कशाचं ते आठवत न्हाय बाबा. पर तितं गुळाचा वास यायचा."

नकाशावर मी तसंच लिहिलंय: 'गुळाचा वास'.

*

कॉलेजची एक मुलगी प्रोजेक्टसाठी आली. "आजोबा, गाव नक्की कधी नाहीसं झालं?"

तात्या म्हणाले, "पानी आलं तवा न्हाय. पोस्टमन यायचा थांबला तवा!"

*

तात्यांचे थोरले भाऊ दत्तूआबा कळंबला असतात. दोघं आमच्याच टेबलाला बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. आंबेपेठेत दोघांच्या घरांमध्ये एक भिंत होती. ती तात्यांनी हातभर आत सरकवून बांधली, असं आबांचं म्हणणं. तात्या म्हणायचे, साफ खोटं! निकाल लागायच्या आत गावच बुडालं. अबोला तेवढा तरंगत राहिला.

यंदा मे महिन्यात पाणी इतकं आटलं, की घरांची जोती उघडी पडली. आम्ही सगळे चिखल तुडवत गेलो. आबांनी खिशातून स्टीलची नवीकोरी टेप काढली. दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. आबांनी न बोलता हात पुढं केला. तात्यांनी न बोलता टोक धरलं.

भिंतीच्या पायापाशी आबा कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. शेवटी मला राहवेना. "आबा, खरं कुणाचं?"

आबांनी टेप धोतराला पुसली. "भिजली बघ. आकडं दिसंनात." मग मान वळवली, "शंकऱ्या, तुला तरी दिसत्यात का?"

तात्या जवळ आले. टेप डोळ्यांपुढं धरली.

"न्हाय, दादा. मला बी न्हाय दिसत."