कानबाईसमोर बंद केलेली सुई

हे सांगायचे मी कित्येक वर्षे टाळले. आमच्या नवागाम वस्तीत अजूनही म्हणतात, की माझ्या नातीचा मधुमेह मूळ पेशींच्या उपचाराने आणि आमची कुलदेवी कानबाई हिच्या कृपेने गेला. ही गोष्ट मीच पसरवली. ती खरी नाही.

नात लहान असतानाच तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणे थांबले. रोज सुई टोचताना ती माझ्याकडे बघायची. तेव्हा एका खासगी दवाखान्याने छातीठोकपणे सांगितले, मूळ पेशी टोचल्या की स्वादुपिंड नवे होते, इन्सुलिन लागतच नाही. मी नातीला त्या पेशी टोचवल्या आणि श्रावणात घरी कानबाईची स्थापना झाली तेव्हा भाऊबंदांसमोर बोललो, आजपासून सुई बंद, पोरीचा भार कानबाई आईवर. पौर्णिमेपर्यंत घरात फक्त प्रसादाचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, आणि खीर. पोर तेच खाऊन हसतखेळत राहिली. मी गल्लीत आणि मी कामाला होतो त्या पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो.

मग एक शेजारीण आली. तिचा मुलगाही इन्सुलिनवर. माझे ऐकून ती त्याची सुई थांबवणार होती. माझ्या सुनेने, नातीच्या आईने, गुपचूप जाऊन तिला अडवले होते. आभार मानत शेजारणीने सुनेचे पाय धरले. मी सुनेकडे बघितले.

"बाबा, मी सुई बंद करीच नही," ती म्हणाली.

"तुना देवीवर इस्वास नही?"

"शे ना. तिनंच नाव लिसन देत व्हतू." कानबाईचेच नाव घेऊन ती रोज माझ्या नकळत सुई देत राहिली होती.

शेजारणीदेखत मी तिला घर बाटवणारी म्हणालो. कृपा आमच्या दारी आली होती ती सुनेच्या हाताने, हे कळायला मला फार वेळ लागला.

नात आता मूळ पेशींच्याच विषयात शिकते. ती सांगते, मूळ पेशींपासून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत खरोखर वाढवतात, बारीक जाळीवर बसवून शरीरात ठेवून बघतात. चाचण्या चालू आहेत. तो उपचार तपासून हाती येईल तेव्हा ती घेईल, तोवर सुई. तो येणार, याबद्दल मला शंका नाही. आईवर भार टाकावा, पण तिने दिलेले औषध बाजूला सारून नव्हे, एवढे मी शिकलो. तो उपचार लवकर यावा म्हणून रोज कानबाईपुढे हात जोडतो.

यंदा रोटाचे पीठ मळताना सुनेजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "सूनबाई, त्या दिन मी तुले..."

"बाबा, ती परात आठे द्या," ती म्हणाली.

मी परात तिच्याकडे दिली.