मामांनी नापास केलेला चंद्र

मामा गेल्याचं सांगायला नागपूरहून मामांचे महाल भागातले शेजारी सकाळच्या एस.टी.नं भिवापूरला, थेट माझ्या शाळेत आले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की?" असा. लाज वाटली, पण इलाज नाही. मी मामांच्याच घरात वाढले. दूधवाल्याच्या मापापासून टपालाच्या शिक्क्यापर्यंत मामांचा कशावरच विश्वास नव्हता. लग्नाच्या पंगतीतही ते चपला मांडीजवळ ठेवून जेवत. हातमागावर लुगडी विणायचे, आणि पदरातली एखादी बुट्टी इकडची तिकडे झालेली त्यांना दाराबाहेरून दिसायची. आता दीड महिना झाला… अजूनही वाटतं, ते कुठेतरी बसून बघत असतील, खरंच रडतंय कोण आणि दाखवायला कोण.

वडील लवकर गेल्यामुळे माझं लग्न जमवणं मामांकडे आलं. साठच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्याच सदर भागातल्या एका घरचं स्थळ आलं. मुलगा शेतीचं शिकायला ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला गेलेला. फोटो पाहून मी मनातल्या मनात हो म्हणूनही टाकलं होतं. पण परदेशातला नवरा म्हणून झालेल्या फसवणुकींच्या गोष्टी तेव्हा गल्लोगल्ली ऐकू येत, आणि मामांना त्या तोंडपाठ होत्या. "तिकीट कोणीबी आणून देते. पत्र दुसऱ्याच्या हातून टाकता येते," ते म्हणाले. "पण चंद्र? चंद्र तं सगळ्याइचा एकच हाय!" त्यांनी मुलाला लिहिलं, येत्या शुद्ध पंचमीला सूर्य बुडाल्यावर चंद्र जसा दिसेल तसा काढून पाठवा. त्या संध्याकाळी इकडे स्वतः गच्चीवर उभं राहून वहीत कोर काढून ठेवली.

महिनाभरानं उत्तर आलं. बिचाऱ्यानं पेन्सिलीनं नीट एक छप्पर, एक झाड आणि वर कोर काढली होती. मामांनी शेजारी वही उघडली. आपल्या कोरीची उजळ बाजू उजवीकडे, त्याची डावीकडे.

"हे पाय! हा वद्यातला चंद्र हाय, पहाटचा. संध्याकाळ म्हणते अन् पहाटचा काढते! पोट्टा तिथं नाहीच वं. मुंबईत बसून मनानं काढून राहिला."

"अवो, चुकलं असंन," मामी म्हणाली.

"डोयानं पाहून काढतानी कसं चुकंन?"

स्थळ मोडलं. मी रडले, पण खरं सांगते, मलाही तो चंद्र खोटाच वाटला होता. पुढची चार स्थळंही मामांच्या शंकांत गेली. मी शिकत राहिले आणि भिवापूरला भूगोलाची बाई झाले.

बऱ्याच वर्षांनी वर्गात चंद्राच्या कला शिकवताना मी रबरी चेंडूवर, वरच्या अंगाला, नागपूरची म्हणून एक टाचणी टोचली. एका मुलीनं विचारलं, "बाई, खालच्या माणसाईले तो कसा दिसते?" मी खाली, मेलबर्नच्या जागी, दुसरी टाचणी टोचली आणि बोलता बोलता थांबले. आपल्याला जी उजवी बाजू, ती त्या उलट्या उभ्या माणसाला डावी. तिथी तीच, चंद्र तोच, उजेड मात्र दुसऱ्या अंगाला…

त्याच शनिवारी चेंडू पिशवीत घालून नागपूरला गेले. "तो खरं बोलत होता, मामा." त्यांनी चेंडू बराच वेळ हातात फिरवला, टाचण्या बोटानं चाचपल्या. मग म्हणाले, "चेंडूवर माणसं राह्यते काय वं?" आणि मागावर जाऊन बसले. मला संताप आला. उजव्याडाव्यात कधी न चुकणारा हा माणूस. यांना सगळं आधीच ठाऊक असणार, मी दूर जाऊ नये म्हणूनच तो चंद्र पुढे केला असणार, असा संशय मनात बसला तो बसलाच. त्यानंतर मी सणापुरतीच जायची.

त्या दिवाळीला मामांनी मला एक लुगडं दिलं. पदरावर चंद्रकोरींची ओळ, सगळ्या एका तोंडाच्या आणि शेवटची एकच उलटी. गिऱ्हाइकानं परत केलेला माल माझ्या गळ्यात मारला, असं मी समजले. घडी न मोडता मामीकडेच टाकून आले. परवा मामीनं ते पुन्हा माझ्यापुढे ठेवलं.

"हे तं बिघडलेलं हाय, मामी."

"बिघडलं नाही वं. त्या एका कोरीपायी दोनदा उसवलं त्याईनं. मी इचारलं, काहून उलटी काढून राहिले? तं म्हणे, तिकडली हाय ते. पोरगी वळखंन."

मी भूगोल शिकवते. आणि मी ओळखलं नव्हतं.