उसवलेल्या कोटांनी सावरलेलं दुकान

बिबवेवाडीतलं आमचं शिवणाचं दुकान अब्बांनी चाळीस वर्षं फक्त सुटांवर चालवलं. बी.कॉम. झाल्यावर मीही तिथेच बसू लागले. गिऱ्हाईक बघायचं काम माझं आणि कात्री त्यांची.

मग आयटीतल्या माणसांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या आणि आमची लग्नसराई कोरडी गेली. नवरदेव सूट भाड्याने आणत होते, त्यांचे भाऊ मागच्याच लग्नातल्या कोटावर भागवत होते. आमच्या दोन्ही कारागिरांना दुपारनंतर काम उरेना. दोघांनी मला कडेवर घेऊन वाढवलेलं. त्यांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणायला अब्बांची जीभ रेटत नव्हती, माझीही नाही.

"अब्बा, आपण जुने कोट अंगाला बसवून देऊ या," मी एकदा धीर करून म्हटलं.

"जरूर. बोर्डही बदल. 'येथे चेन बसवून मिळेल.' मोठ्या अक्षरांत लिही, म्हणजे चाळीस वर्षं सूट शिवणारा आता चेन बसवतो, हे सगळ्यांना दिसेल."

विषय तिथेच संपला. पण त्याच आठवड्यात तिशीतला एक माणूस पिशवीतून कोट घेऊन आला. त्याची नोकरी गेली होती आणि चार दिवसांनी मुलाखत होती. कोट त्याच्या वारलेल्या वडिलांचा, त्याला दोन मापं मोठा.

"नवा परवडणार नाही. हा लहान होईल का?"

मी अब्बांकडे बघितलंच नाही. त्यांनी मात्र हात पुढे केला, कोट उलटा करून अस्तर पाहिलं, खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"वडील काय करायचे?"

"लोणी काळभोरला शिक्षक होते. निवृत्तीच्या समारंभासाठी शिवला होता."

"शिवणारा जाणकार होता," अब्बा म्हणाले. "ठेवून जा."

कोटाचा खांदा उसवून पुन्हा बसवायला भलेभले मास्टर नकार देतात. अब्बांनी दोन दिवस दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तो माणूस कोट घालून आरशासमोर उभा राहिला आणि ताठ झाला. अब्बांनी त्याच्याकडून अगदीच नाममात्र पैसे घेतले.

तो गेल्यावर मी म्हणाले, "त्याचं ठीक आहे. पण उद्यापासून एवढ्या कमी पैशांत नाही. नवा कोट शिवणं याहून सोपं, असं तुम्हीच म्हणता ना?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "खांद्याचं काम असेल तर नव्या कोटाची अर्धी शिलाई. लिहून लाव."

मी दरपत्रक लावलं, कापडाचे तागे भरणं बंद केलं आणि कोट दुरुस्तीआधी कसा होता, नंतर कसा झाला, याचे फोटो जुन्या गिऱ्हाइकांना फोनवरून पाठवू लागले. येरवड्याहून, औंधहून माणसं कोट घेऊन येऊ लागली. त्या वर्षी आम्ही एकाही कारागिराला घरी बसवलं नाही आणि वर्षअखेरीला दुकान नफ्यात होतं. दुपारी दुकानातली मशीन थांबेनाशी झाली. मीही खांदा उसवायला शिकले.

गेल्या महिन्यात तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाचा मॅनेजर त्यांचेच नवे कोट गिऱ्हाइकांच्या मापाला बसवून घ्यायला आमच्याकडे घेऊन आला.

"आमच्याकडे खांद्याचं काम करणारं कुणी नाही हो," तो म्हणाला.

"आमच्याकडे चार जण आहेत," अब्बा म्हणाले. दोन कारागीर, ते स्वतः आणि मी. मॅनेजरसमोर मी चेहरा गंभीर ठेवला आणि कोट मोजून घेतले.