वाचून निर्णय व्हावा

डोळे असलेल्या माणसांविषयी सहदेव टाले याचं मत फार वाईट होतं. ते काही एका दिवसात झालेलं नव्हतं. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत सोळा वर्षं रोज त्यांच्यात बसून त्यानं ते कमावलं होतं. कचेरीचं नाव सांगून उपयोग नाही. कुठलीही घ्या, आत हेच लोक भेटतील.

सहदेव मूळचा अकोल्याकडचा, बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यातला. सहाव्या वर्षी गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. अंधशाळेत शिकला, बी.ए. झाला आणि अपंगांच्या कोट्यातून टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला. पुढे त्या कोट्याला दिव्यांगांचा कोटा म्हणायला लागले. नाव बदललं, खुर्ची तीच राहिली. बारा वर्षं त्यानं फोनची पेटी चालवली, दीडशे नंबर तोंडपाठ होते. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि पेटी बंद पडली. कोणी ती उचलून नेली नाही, आणि सहदेवलाही दुसरं काम दिलं नाही. खिडकीपाशी दोघं चार वर्षं तशीच होती.

"मजा हाय भाऊ तुमची," शेखर म्हणायचा, "बसल्या जागी पगार." शेखर म्हणजे आवक-जावकचा बाबू. कचेरीत आलेला प्रत्येक कागद आधी त्याच्या टेबलावर यायचा. तो वाचायचा, नंबर टाकायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा, एवढं त्याचं काम. यातला नंबर तेवढा तो नेमानं टाकत असे.

सहदेवला ती बसल्या जागची मजा रोज गिळावी लागे. आधी लाज वाटायची, मग राग यायचा, आणि राग जिरला की तुच्छता उरायची. एकदा त्याची आठवीतली पोरगी दामिनी शाळेचा फॉर्म घेऊन बसली होती. "बाबा, तुमी ऑफिसात काय करता? येथी लिहा लागते," ती म्हणाली. तो म्हणाला, "नोकरी लिही." "नोकरी तं सारेच करतात. काम काय?" पोरीनं सरळ विचारलं होतं, तिची काही चूक नव्हती. त्या दिवसापासून त्यानं मनाशी एकच गाठ मारली, आपल्याला आवक-जावकचं टेबल पाहिजे.

तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा साहेबांनी त्याला आत बोलावलं, चहा पाजला आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "सहदेवराव, अहो, त्या टेबलावर वाचायचं असतं. तुम्हाला कशाला त्रास?" साहेब पुण्याकडचे, माणूस मऊ. अशा चांगल्या माणसांचा सहदेवला जास्त संताप यायचा, कारण त्यांच्याशी भांडताही येत नाही.

वाचायचं असतं म्हणे. अख्ख्या कचेरीत वाचणारा माणूस एकच होता, आणि तो खिडकीपाशी बसलेला होता.

त्याचा मोबाईल बोलका होता. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते कानात सांगायचा, आणि दोनदा टिचकी मारली की उघडायचा. सुरुवातीला सहदेवनं आवाज सावकाश ठेवला होता. मग सवय झाली तसा वेग वाढवत वाढवत त्यानं इतका नेला, की दुसऱ्याला ती नुसती चरचर वाटे, फोडणीत मोहरी तडतडल्यासारखी. स्क्रीन तर तो काळाच ठेवायचा. त्याला उजेडाचं काय करायचं होतं? बॅटरी वाचायची आणि मागून कोणी डोकवायचं नाही. "भाऊ, मोबाईल बंद हाय तुमचा, उगाच बोटं फिरवून राहिले," असं शेखरनं त्याला किमान दहा वेळा सांगितलं असेल. सहदेव म्हणायचा, "व्हय काय? बरं झालं सांगितलं." आणि कानातल्या वायरीतून वाचत राहायचा.

कचेरीचा व्हाट्सॲप ग्रुप होता. वरून आलेलं परिपत्रक शेखर सरळ फोटो काढून त्यावर टाकायचा. फोटोपुढे फोन मुका. तो एवढंच म्हणायचा, "फोटो." मग सहदेव दुसऱ्या एका ॲपात तो फोटो घालायचा, ते ॲप अक्षरं ओळखायचं आणि मग फोन वाचायचा. काना-मात्रा खायचा, रकान्यांची खिचडी करायचा, पण सहदेव दोनदा-तीनदा ऐकून अर्थ लावायचा. चार पानांच्या परिपत्रकाला त्याला पाऊण तास लागे. बाकीच्यांना अर्धा मिनिटही लागत नसे. अकरा वाजून दोन मिनिटांनी परिपत्रक पडलं, की अकरा वाजून दोन मिनिटांनीच खाली अंगठे सुरू. फोन एकेक करून सांगायचा, अंगठा वर, अंगठा वर, अंगठा वर. एकोणीस माणसं, एकोणीस अंगठे. यांचे आजे-पणजे कागदावर अंगठा उठवायचे, कारण बिचाऱ्यांना शाळा मिळाली नाही. हे पदव्या घेऊन अंगठाबहाद्दर झाले.

ऑक्टोबरातली गोष्ट. खिडकीपाशी एक बाई येऊन टेकली. पायातल्या चपलांचा आवाज थकलेला होता. पार्बताबाई नाव, अंजनगाव सुर्जीकडची. नवरा वारला, शेत तिच्या नावावर झालं, दीड एकर संत्र्याला ठिबक बसवायचं होतं. त्या अनुदानाचा अर्ज घेऊन ती एस.टी.नं चौथ्यांदा आली होती.

"काहून बसली, माय?" सहदेवनं विचारलं.

"बाबू चहाले गेले म्हणतात. विहिरीचा दाखला आणा म्हणते तो. तलाठी म्हणते असा दाखलाच नसते. आता कोन खरं बोलून राह्यलं, मले काय समजते?"

"सातबाऱ्यावर विहीर लिहेल हाय ना?"

"हाय ना बाप्पा. पोराकून वाचून घेतलं."

सहदेवनं फोन काढला. ऑगस्टच्या परिपत्रकात तिसऱ्या पानावर हेच होतं. त्यानं ते दोन महिन्यांपूर्वीच ऐकून बाजूला ठेवलं होतं. वेगळ्या दाखल्याची अट रद्द, सातबाऱ्यावरची नोंद पुरे.

शेखर चहा संपवून आला. सहदेवनं त्याला सांगितलं. तो हसला. "तुमाले कोठी दिसलं, भाऊ?"

"दिसलं नाई. वाचलं. तूच ग्रुपवर टाकलं होतं, अठरा ऑगस्टले. त्याच्यावर अंगठा बी हाय तुहा."

"अट हाय म्हणजे हाय. उगाच बाईले भरीस घालू नका."

मग सहदेवनं कानातली वायर उपटली. आवाजाचा वेग कमी करत करत साध्या माणसाला कळेल इतक्यावर आणला, आणि फोन टेबलावर ठेवला. फोन खणखणीत वाचायला लागला. आजूबाजूचे बाबू उठून आले. साहेबही दारात येऊन उभे राहिले. तिसरं पान संपेपर्यंत शेखर स्टेपलरशी खेळत होता.

"हे आपल्याकडे आलं होतं?" साहेबांनी विचारलं.

साहेबांचाही त्याच्यावर अंगठा होता. सहदेवला ते माहीत होतं, पण त्यानं फोन उचलून वायर पुन्हा कानात घातली. पार्बताबाईचा अर्ज त्याच दिवशी घेतला गेला. जाताना ती सहदेवचा हात धरून म्हणाली, "त्या टेबलावर तूच काहून बसत नाई रे बाबू?"

हे साऱ्यांच्या देखत झालं होतं. सहदेवला वाटलं, आता तरी. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं, चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कमाल आहे तुमची. आम्ही ठरवलंय, तीन डिसेंबरला दिव्यांग दिन आहे, तुमचा सत्कार करायचा."

"साहेब, टेबलाचं काय?"

"अहो, सत्कार आधी. टेबलाचं बघू."

म्हणतात, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. इथे मागितलं टेबल आणि मिळणार होती शाल. सहदेवच्या घरी अशा तीन शाली होत्या. हर्षा, त्याची बायको, एक इस्त्रीखाली घालायची.

तीन डिसेंबरला सभागृहात कार्यक्रम झाला. एकोणीसच्या एकोणीस हजर, कारण नंतर कचोरी होती. भाषणं झाली. दृष्टीपेक्षा दृष्टिकोन मोठा, असं तिघांनी सांगितलं. शाल, नारळ आणि काचेच्या फ्रेमीतलं सन्मानपत्र सहदेवच्या हातात आलं. शेखरनं ते आदल्या दिवशी टाइप करून आणलं होतं, साहेबांनी सही केली होती, आणि पुढच्या रांगेत ते हातोहात फिरलंही होतं. सगळे म्हणाले, छान झालं.

"आता सहदेवरावांनी," साहेब माइकवर म्हणाले, "आपल्या त्या बोलक्या फोनची जादू सगळ्यांना दाखवावी. काहीतरी वाचून दाखवा."

हातात काय दिलंय ते वाचल्याशिवाय सहदेव खाली ठेवत नसे. जन्माची खोड. काचेवर दिव्याची तिरीप येऊ नये म्हणून त्यानं फ्रेम जरा तिरपी धरली, फोटो काढला, वेग कमी केला आणि फोन माइकजवळ नेला.

फोन वाचू लागला. "सन्मानपत्र. श्री. सहदेव टाले यांस. आपण या कार्यालयात छत्तीस वर्षे निष्कलंक सेवा करून नियत वयोमानानुसार आज सेवानिवृत्त होत आहात. आपली उणीव आम्हांस सदैव जाणवेल. आपले उर्वरित आयुष्य नातवंडांसमवेत सुखासमाधानाने व्यतीत होवो."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. मे महिन्यात देवमन शिपाई निवृत्त झाला होता. शेखरनं त्याचीच फाईल उघडून वरचं नाव तेवढं बदललं होतं.

सहदेवनं माइक चाचपून जवळ घेतला. त्याला राग आला नव्हता. राग यायला समोरचा माणूस निदान तेवढ्या लायकीचा लागतो.

"मी एक्केचाळीस वर्सांचा हाय," तो म्हणाला. "छत्तीस वर्स नोकरी झाली म्हणजे पाचव्या वर्सीच लागलो असन. नातवंडं म्हणता, तं माही पोरगी आठवीत हाय. ह्या कागदावर साहेबांची सई हाय. टाइप करणाऱ्याले दोन डोये, सई करणाऱ्याले दोन, पुढच्या रांगेत इतके जण बसले, त्याईले दोन-दोन. सारं मिळून मी मोजत नाई. पण खरं सांगतो, तुमी चुकीचं लिहिलं नाई. चार वर्सांपासून तुमी मले रिटायरच करून ठेवलं हाय, आज फक्त कागद देला."

तो खाली बसला. टाळ्या वाजवाव्यात का, हे कोणाला कळेना. शेवटी कचोरी आली.

साडेचारला साहेबांचा निरोप आला. फ्रेम परत द्या, दुरुस्त करून देतो. कोणीतरी त्या वाचनाचा व्हिडिओ काढला होता आणि साहेबांना सहीची धास्ती बसली होती. सहदेव केबिनमध्ये गेला, पण फ्रेम नेली नाही.

"साहेब, तुमीच सांगता, नंबर पडल्याशिवाय कागद हलत नाई. आवक-जावकच्या टेबलावर मी बसलो का त्या फ्रेमीचा बी नंबर टाकतो, मंग ते परत."

यावेळी चहा आला नाही. पाच वाजता दोन ओळींचा आदेश निघाला. सहदेवनं तो तिथंच, साहेबांसमोर, फोनकडून वाचून घेतला. 'तात्पुरत्या स्वरूपात' हे शब्द खोडायला लावले आणि मगच हातात घेतला.

सोमवारी तो टेबलावर बसला. कॉम्प्युटरात बोलकं सॉफ्टवेअर त्यानं स्वतः टाकलं होतं. शेखरला मागच्या खोलीत जुन्या फायली लावायला पाठवलं. त्याला ती शिक्षा वाटली. आवकची पहिली नोंद सहदेवनं स्वतःच्याच पत्राची केली. 'सोबतच्या सन्मानपत्राच्या झेरॉक्सनुसार, आपल्या सहीने, मला एक्केचाळिसाव्या वर्षी सेवानिवृत्त करण्यात आले आहे. तरी मी उद्यापासून कामावर यावे की येऊ नये, याबाबत वाचून निर्णय व्हावा.' नंबर टाकला आणि दिवसभराच्या टपालाच्या फोल्डरात मधोमध ठेवून साहेबांकडे पाठवलं.

संध्याकाळी फोल्डर परत आलं. सहदेव एकेक कागद फोनपुढे धरत गेला. पार्बताबाईच्या ठिबकची मंजुरी निघाली होती, ती त्यानं जावकला वेगळी काढली. मग त्याचं स्वतःचं पत्र आलं. फोननं ते वरपासून वाचलं, वाचून निर्णय व्हावा इथपर्यंत, आणि त्याखाली उमटलेला साहेबांचा शिक्काही वाचला. 'पाहिले. मंजूर.'

म्हणजे त्याच्या निवृत्तीला मंजुरी मिळाली होती. सहदेवनं ते पत्र फायलीला लावलं.

घरी गेल्यावर दामिनीनं विचारलं, "आज काय केलं, बाबा?"

"वाचलं," तो म्हणाला. "तथी दुसरं कोणी वाचत नाई. फॉर्मवर लिही, तुहा बाप वाचाचं काम करते."