दगडांना आवळ्याचं तेल

दगडांना तेल लावायला मी सांगितलं होतं, हे आधीच कबूल करतो. नाव मात्र मावशींचं सांगितलं.

भिवंडीजवळ वडप्याला मी सांभाळतो त्या गोदामात एक कोपरा दगडांचा आहे. एका तेल कंपनीने अरबी समुद्राच्या तळाखाली खोल भोक पाडून काढलेले आणि आमच्याकडे ठेवायला दिलेले, काकडीसारखे लांबट दगड. जितक्या खोलीवर निघाले त्या क्रमाने खोक्यांत लावलेले. बाकी गोदामात फ्रीज आणि चपला. भिवंडीत कशालाही जागा मिळते.

कंपनीकडून तपासणीला येणाऱ्या भूगर्भशास्त्राच्या मॅडमनी मला एकदा समजावलं होतं. खालच्या काळ्या खडकात तेल तयार होतं, त्यावरच्या वाळूच्या खडकात साठतं, आणि वर चिकणमातीच्या खडकाचं घट्ट झाकण असतं. झाकणाच्या वर तेल येत नाही. शिवाय दगडांना हात लावायचा नाही. मी मान डोलावली.

खंडेनवमीला आम्ही फोर्कलिफ्ट धुतली, वजनकाट्याला झेंडूची माळ घातली. मला वाटलं, आपलं पोट दगडांवरही चालतं, त्यांना का वगळायचं? माझ्या टकलासाठी ड्रॉवरमध्ये आवळ्याचं तेल होतं. झाडलोट करणाऱ्या मावशींना ती बाटली दिली.

"दगडाला तेल? ह्यो काय मारुती हाय, साहेब?"

"पूजा आहे, मावशी. वरच्या खोक्यातल्यांना तरी लावा."

"तुमच्या डोक्यावर काय उगवलं न्हाय त्यानं, दगडावर काय उगवणार?" म्हणत त्यांनी फडक्याने दगडांना तेल चोळलं.

आठवड्याने मॅडम आल्या. त्यांच्या जांभळ्या दिव्याखाली तेल असलेला दगड चमकतो. झाकणाच्या वरचा खडक, जिथे तेलाचं नाव नको, तोच लख्ख उजळला. त्यांनी घाईघाईने वरिष्ठांना फोन लावला, बोलता बोलता दगड नाकाशी नेला आणि फोन ठेवला.

"समुद्राखाली आवळ्याची बाग होती का हो?"

गोदामाचे मालक शेजारीच उभे होते. "कोणी केलं हे?"

"मावशींनी," मी म्हणालो. फडकं त्यांच्याच हातात होतं ना!

मावशी तिथेच झाडू घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे एकदा बघून त्या पुन्हा झाडायला लागल्या. संध्याकाळी त्यांची ड्युटी बंद झाली. ज्या गोदामाखाली त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, त्याच गोदामातून.

आठ दिवस मी डोक्याला तेल लावलं नाही, वासच सोसेना. नवव्या दिवशी मालकांना आणि मॅडमना खरं सांगितलं. मालकांनी मला यथेच्छ झापलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आधी मावशींना परत बोलवा."

मी मावशींच्या घरी गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"आलात? बाटली आणलीत का?"

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

"मावशी, तेल माझं होतं, सांगितलंही मीच, आणि ढकललं तुमच्यावर. मालकांना सगळं सांगून आलोय, उद्यापासून तुमची ड्युटी सुरू. माझं चुकलं. मला माफ करा."